संस्था गावात येते, संस्था गावातून जाते: स्वयंसेवी संस्था आणि शाश्वत विकास, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुष्काळी पट्ट्यातल्या एका छोट्या संस्थेत मी अठरा वर्षं पाणलोटाचं काम केलं. या काळात गावकऱ्यांनी, देणगीदारांनी, प्रकल्प बघायला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी आणि आमच्याच नातेवाइकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पाण्याकडे झुकलेली वाटतील. त्याला इलाज नाही, माझं काम तेच होतं.

एनजीओ म्हणजे सरकारी योजनाच ना?

नाही. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावात जीप येते, हातात फाईल असलेले दोघं उतरतात, सभा घेतात, सह्या घेतात. लोकांना ते कृषी खात्याचे, बँकेचे आणि संस्थेचे सारखेच दिसतात. आमच्याकडे एक आजी शेवटपर्यंत मला "तलाठी भाऊ" म्हणायच्या.

कागदावर सांगायचं तर संस्था तीन प्रकारे उभी राहते: सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट, १८६० च्या कायद्याखालची सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात सोसायटीलाही १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक संस्थांच्या लेटरहेडवर दोन-दोन नोंदणी क्रमांक दिसतात. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. उरलेला पैसा सभासदांत वाटता येत नाही.

विकास हे सरकारचं काम. संस्थांनी मध्ये का पडायचं?

सरकारकडे पैसा आहे, यंत्रणा आहे, कायदा आहे. नसतो तो वेळ. एका गावात आठ महिने नुसत्या बैठका घ्यायच्या आणि एक कुदळही मारायची नाही, असं कुठल्याही खात्याला परवडत नाही. ३१ मार्चला निधी परत जातो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये २०३० पर्यंत गाठायची १७ उद्दिष्टं ठरवली. दारिद्र्य, पाणी, आरोग्य, जंगल, हवामान अशी ती यादी आहे. कार्यालयांच्या भिंतींवर तिचे रंगीत चौकटींचे तक्तेही लागले. गावात मात्र या चौकटी वेगवेगळ्या नसतात. विहीर आटली की पोरगी शाळेऐवजी हंडा घेऊन निघते, बाप ऊसतोडीला जातो, घरात म्हातारी आणि शेळ्या उरतात. तुमच्या खात्यांची ही चार प्रकरणं त्या घरात एकच असतं. संस्थेला ते एकत्र बघता येतं, कारण तिचा एकच माणूस त्या घरात दहा वेळा चहा पिऊन आलेला असतो.

पाणलोटाचं काम नेमकं कसं चालतं?

डोंगरावर पडलेला थेंब गावाच्या शिवेबाहेर पडेपर्यंत जो रस्ता धरतो, त्या रस्त्यावर त्याला जागोजागी थांबवायचं. नियम एकच: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर दगडी बांध आणि शेतात बांधबंदिस्ती, त्यानंतर ओघळीत गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेल्या दगडांचा बांध, आणि सगळ्यात शेवटी खाली नाल्यात सिमेंटचा बंधारा.

चर खणायच्या आधी समपातळीची रेषा आखावी लागते. त्यासाठी लाकडाचा ए-फ्रेम असतो, इंग्रजी ए अक्षरासारखा, मध्ये दोरीला ओळंबा. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, ओळंबा मधल्या खुणेवर आला की तिथे फक्की टाकायची. सातवी शिकलेली बाई अर्ध्या तासात हे शिकते. रेषा डोळ्यांना वाकडी दिसते आणि नवा माणूस ती "सरळ" करायला जातो. तसं केलं की चर उताराला लागतो, पाणी एका टोकाला पळतं आणि बांध फोडून जातं. पहिल्या पावसात चूक कळते, पण तोवर माती गेलेली असते.

आम्हीही एकदा घाण केली. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात लोकांचा हट्ट होता की आधी नाल्यातला बंधारा बांधा, वर नंतर बघू. बंधारा डोळ्यांना दिसतो, फोटोत छान येतो, आणि खालच्या दोन विहिरी गावातल्या वजनदार माणसांच्या होत्या. आम्ही मान्य केलं. दोन पावसाळ्यांत डोंगराची सगळी माती येऊन बंधारा काठोकाठ भरला. तिसऱ्या वर्षी त्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्टचा आहे. या दगडात पाणी स्पंजासारखं भरून राहत नाही, फटींत आणि कुजलेल्या थरात मावेल तेवढंच मावतं. त्यामुळे कितीही खणलं तरी जमिनीच्या पोटाला मर्यादा आहे. "अजून शंभर फूट खाली जाऊ" म्हणणारा बोअरवाला हे सांगत नाही.

गरीब लोकांकडून श्रमदान का घेता? फुकट राबवणंच ना ते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्यात तथ्य आहे. ज्याच्याकडे जमीन आहे, त्याच्या शेतावरचा बांध भूमिहीन माणसानं फुकट का घालायचा? १९९० च्या दशकातल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात नाबार्डने आणि वॉटर म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने श्रमदानाची अट ठेवली होती. कारण सोपं होतं: ज्यात स्वतःचा घाम नाही, त्याची डागडुजी कुणी करत नाही. ते मला पटतं. पण हिस्सा जमिनीच्या प्रमाणात हवा. दहा एकरवाल्यानं दहा दिवस द्यावेत, भूमिहीनाला पूर्ण मजुरी मिळावी. आमच्या गावांत आम्ही ते केलं आणि दोन गावं त्यामुळे हातची गेली. जाऊ दिली.

२०१६ ला पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या स्पर्धेनं श्रमदानाला जत्रेचं रूप दिलं. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते, पुढे ते पंचाहत्तरीच्या घरात गेले. पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघालेली गावं मी पाहिली आहेत. पुण्या-मुंबईची नोकरदार पोरं गावी येऊन राबली, हे खरं. पंचेचाळीस दिवसांत गाव एकत्र येऊ शकतं, हे त्या स्पर्धेनं दाखवलं. सेहेचाळिसाव्या दिवशी काय, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या गावावर राहिला.

बंधारा भरला, विहिरीला पाणी आलं. आता काम संपलं ना?

खरं काम इथून सुरू होतं, आणि बहुतेक संस्थांचा निधी नेमका इथेच संपतो.

पाणी अडवायला सगळे तयार असतात. वाटायची वेळ आली की सभेला कोरम भरत नाही. विहिरीत दोन परस पाणी वाढलं की पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी ऊस, तिसऱ्या वर्षी ज्याची ऐपत आहे त्याचा बोअर. सगळ्या गावानं माथ्यावर चर खणून मुरवलेलं पाणी एका माणसाच्या मोटरीतून वर येतं. पाचव्या वर्षी टँकर पुन्हा हजर. हे मी एका नाही, तीन गावांत पाहिलं आहे.

याचं उत्तर महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वीच एका माणसानं शोधलं होतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे इंजिनिअर आणि कारखानदार पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. देवस्थानची सुमारे १६ हेक्टर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन तिथे पाणी मुरवून दाखवलं, आणि मग पाणी पंचायतीचे नियम केले. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. ऊस लावायचा नाही.

हे नियम पुन्हा वाचा. एकही नियम अभियांत्रिकीचा नाही. चळवळ पुरंदरात पसरली. सगळीकडे ती टिकली नाही, हेही खरंच. पण "पाणी कुणाचं" हा प्रश्न सरकारी फाईलमध्ये कधीच आला नसता, तो तिथून आला.

दुसरं उदाहरण हिवरे बाजारचं. तिथे पुढाकार ग्रामपंचायतीचा आणि पोपटराव पवारांचा. दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती झाला, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला काय घ्यायचं.

पाण्याचा ताळेबंद आमच्या गावाला जमेल का?

जमेल. चौथीचं गणित आहे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर धरला तर वर्षाला ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून सभा खूश होते. मग त्यातून वजा करत जायचं: बाष्पीभवन किती, पिकानं आणि गवतानं पावसाळ्यातच किती घेतलं, शिवेबाहेर किती वाहून गेलं. जमिनीत मुरून हाती लागतो तो यातला थोडका हिस्सा. फळ्यावर ही वजाबाकी होत असताना मागच्या रांगेतला बोअरवाला उठून तंबाखू मळायला बाहेर जातो. तिथेच कळतं, गणित बरोबर चाललंय.

पर्जन्यमापक मात्र गावाचा स्वतःचा हवा. महसूल मंडळाच्या ठिकाणचा आकडा तुमच्या डोंगराला लागू पडेलच असं नाही.

चराईबंदीमुळे मेंढपाळांचं काय?

नुकसान होतं, आणि आधी त्यांचंच होतं. डोंगरावर गवत-झाडं जगवायची तर काही वर्षं जनावरं बंद करावी लागतात. ज्याच्याकडे शेत आहे त्याला बांधावरचा चारा मिळतो. ज्याच्याकडे फक्त मेंढरं आहेत त्यानं कुठे जायचं? आमच्या एका सभेत एका धनगर बाबांनी विचारलं, "साहेब, मग काय ढगात चारू?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत वॉटरच्या कामातही हाच पेच होता. तिथे सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद करायचा रस्ता निघाला. आम्ही तोच कित्ता गिरवला: एक तृतीयांश बंद, बाकी खुला, दोन वर्षांनी अदलाबदल. बंद भागातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना. तरी दोन घरांनी मेंढरं विकली. आमच्या वार्षिक अहवालात हिरवा डोंगर आला. ती दोन घरं आली नाहीत.

छोट्या संस्थेच्या प्रयोगानं देशाला काय फरक पडतो?

कधी कधी खूप. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, बाळाला ऊबदार ठेवणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देणं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हे देशभरातल्या आशा कार्यकर्तींचं काम झालं. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांमधून आरोग्यसेविका घडवल्या होत्या.

शेतीत 'बाएफ'ची वाडी. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला सुरू केलेल्या या संस्थेनं १९८० च्या दशकात गुजरातेतल्या वांसद्याला आदिवासी कुटुंबांसोबत एकरभर आंबा-काजू, कडेनं जंगली झाडं, मध्ये आंतरपीक अशी रचना बसवली. पुढे नाबार्डनं आदिवासी विकास निधीतून तीच वाडी अनेक राज्यांत नेली.

संस्थेचं खरं बळ इथे आहे असं मला वाटतं. ती चुका करू शकते. सरकारला चाळीस जिल्ह्यांत एकदम चूक परवडत नाही, संस्थेला चार गावांत परवडते. अट एवढीच की चूक झाल्याचं लिहून ठेवलं पाहिजे.

काही संस्था प्रकल्प अडवतात, कोर्टात जातात. तो विकासाला विरोध नाही का?

गोव्याचं बघा. गोवा फाउंडेशन १९८६ पासून काम करतंय. त्यांच्या याचिकांवरून सर्वोच्च न्यायालयानं खनिज उत्खननावर निर्णय दिले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची पोटं त्यावर होती, त्यांचा राग खोटा नव्हता. पण खाणीनं झरे आटलेल्या कुळागरवाल्याचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागवाल्याचा, राग त्याआधी वीस वर्षं कुणी मोजला नव्हता. दोघांनाही एकाच तराजूत घालायला कुणीतरी लागतं.

कोर्टाशिवायचाही रस्ता आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये आपला बांबू आपण विकायचा अधिकारही हातात आला. यामागच्या दोन माणसांपैकी देवाजी तोफा गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरचे. बाहेरच्या माणसानं तिथे बांधलं काहीच नाही. अभ्यासगटात बसून कायदा समजून घ्यायला मदत केली, बस्स. निर्णय ग्रामसभेचा, तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला.

शहरात याचा काय संबंध?

पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, आणि महापालिकेशी करार करून त्या बायका घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. काटेकोर बोलायचं तर एक कामगार संघटना आणि दुसरी सहकारी संस्था, एनजीओ कुणीच नाही. पण उकिरड्यातून भंगार वेचणारी बाई ओळखपत्र गळ्यात घालून सोसायटीच्या वॉचमनसमोर उभी राहते, यापेक्षा शाश्वत विकासाची सोपी व्याख्या मला सुचत नाही.

संस्थांना पैसा कुठून येतो?

वैयक्तिक देणग्या, सरकारी प्रकल्प, परदेशी निधी आणि कंपन्यांचा सीएसआर. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांतलं एक जरी असेल तरी त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. हे २०१४ पासून सुरू झालं. पैसा वाढला. त्यासोबत पाट्याही वाढल्या. कारखान्याजवळच्या गावात तीन-तीन बंधारे आणि मागच्या खोऱ्यात एकही नाही, असं चित्र सर्रास दिसतं.

बंधारा बांधायला पैसे मिळतात, त्यातला गाळ सातव्या वर्षी काढायला मिळत नाहीत. बैठका घेणाऱ्या कार्यकर्तीच्या पगाराला तर सगळ्यात कमी.

मी अमेरिकेत आहे. गावाकडच्या संस्थेला थेट पैसे पाठवू का?

तुमच्याकडे कुठला पासपोर्ट आहे ते आधी बघा. भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असाल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते, आणि संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. या शेवटच्या अटीनं मोठ्या संस्थेच्या आधारानं चालणाऱ्या खेड्यातल्या छोट्या संस्थांचे हात बांधले गेले.

पगार घेता, मग स्वयंसेवी कसले?

पोरांची फी शाळा आम्हालाही माफ करत नाही.

संस्था खरी की खोटी, कसं ओळखायचं?

नोंदणी, ८०जी म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीचं प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, सरकारच्या दर्पण पोर्टलवरची नोंद हे मागाच. द्यायला कुरकुर केली तर पुढे बोलू नका. पण कागद चोख असूनही काम पोकळ असू शकतं. म्हणून गावात जा, संस्थेची गाडी न घेता, एसटीनं. पाच वर्षांपूर्वी काम पूर्ण झालेलं गाव विचारा, चालू प्रकल्पाचं नको. बंधाऱ्यात गाळ किती आहे ते बघा. पाणी समितीच्या नोंदवहीतली शेवटची तारीख बघा. समितीतल्या बाईला तिचं नाव त्यात आहे हे माहीत आहे का, ते सहज विचारा.

संस्थेनं गावातून कधी निघावं?

आल्या दिवशीच निघायची तारीख सांगावी. आम्ही ती कधी पाळली नाही, हे कबूल करतो. देखभाल निधी गावाच्या नावानं बँकेत आहे, समितीच्या दोन बैठका आमच्याशिवाय झाल्या आहेत, आणि निदान एकदा तरी गावानं आमचं म्हणणं फेटाळलं आहे, या तीन खुणा मी धरतो. तिसरी खूण सगळ्यात भरवशाची.

मला संस्थेत काम करायचं आहे. कुठलं शिक्षण लागतं?

समाजकार्याची पदवी असली तर चांगलं, कृषी किंवा भूगर्भशास्त्र असेल तर आणखी चांगलं. मोटरसायकल चालवता यायला हवी आणि रात्री जागायची सवय हवी. गावातल्या सभा धारा काढून, जेवणं उरकून नऊनंतर भरतात, आणि खरा मुद्दा अकरा वाजता, निम्मे लोक उठून गेल्यावर निघतो.